सोन्याच्या डाव्या पंखातलं पीस

मे महिन्यात सांगलीला वळीव झोडपायला लागला की आमच्या दवाखान्यात भेदरलेल्या कुत्र्यांची रीघ लागते. त्या रात्री वीज गेलेली होती आणि इन्व्हर्टरवर एकच ट्यूब जळत होती. कुत्र्यांच्या गर्दीतून एक गृहस्थ आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा बुटांचा खोका छातीशी धरून पुढे आले. खोक्यात सोन्या नावाचा कॉकटेल (कॉकाटील), म्हणजे तुरेवाला छोटा पोपट होता, पिवळसर पांढऱ्या रंगाचा, ज्याला लुटिनो म्हणतात तो. डावा पंख अर्धा रक्ताने लाल आणि अर्धा हळदीने पिवळा झाला होता.

"पिसं गळतायत त्याची, मोल्टिंग चालू आहे," मुलगा म्हणाला. "दुकानवाले म्हणाले, होतं असं, टॉनिक घाला पाण्यात. पण आज वीज कडाडली आणि हा पिंजऱ्यात आपटत सुटला. दिवा लावून बघतो तर सगळीकडे रक्त."

सोन्याचं वजन भरलं 84 ग्रॅम. पक्ष्याच्या अंगात रक्त असतं वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे याच्या अंगात जेमतेम आठ मिलिलिटर. धडधाकट पक्षी त्यातलं पाऊण मिलिलिटर गेलं तरी सोसतो. पाऊण मिलिलिटर म्हणजे साधारण पंधरा थेंब. पिंजऱ्यातल्या कागदावर रक्ताचे किती डाग होते, मोठे की छोटे, हे मी त्या मुलाला खोदून खोदून विचारलं. त्याला ते उलटतपासणीसारखं वाटलं असावं, पण पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. डागच मोजावे लागतात.

सहायकाने टॉवेलमध्ये धरलं. नवीन माणूस पक्षी धरतो तेव्हा भीतीने छाती आवळतो आणि तिथेच घात होतो. पक्ष्याला आपल्यासारखं डायफ्राम, म्हणजे श्वासपटल, नसतं. छातीचं हाड वरखाली झालं तरच हवा आत जाते. म्हणून डोकं दोन बोटांत आणि छाती पूर्ण मोकळी.

हळद धुवायलाच बराच वेळ गेला. जखमेला हळद आपला हात आपोआप लावतो, पण पिसांत ती चिकटली की रक्त नेमकं कुठून येतंय ते दिसत नाही. घरी कॉर्नफ्लोअर असतं, ते कापसावर घेऊन दाबून धरावं आणि पक्ष्याला अंधाऱ्या उबदार खोक्यात घालून निघावं.

धुतल्यावर दिसलं ते असं. बाहेरून दुसरं लांब पीस नुकतं वाढत होतं, आणि ते कातडीच्या थोडं वर मोडून लोंबत होतं. वाढत्या पिसाच्या नळीत जिवंत रक्तवाहिनी असते. आम्ही त्याला ब्लड फेदर म्हणतो. पीस पुरं वाढलं की रक्त मागे सरतं आणि नळी कोरडी, पांढरी होते. तोवर ते मोडलं तर नळीतून रक्त झरत राहतं.

आणि मोडलं का, तेही तिथेच दिसत होतं. त्याच्या दोन्ही बाजूंची पिसं कात्रीने सरळ छाटलेली होती. एरवी नवं पीस शेजारच्या जुन्या लांब पिसांच्या आडोशाने वाढतं, गजांवर आपटलं तर मार ती खातात. इथे आडोसाच नव्हता.

"पंख कोणी छाटले?"

बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. "मधे हा शेजारच्या काकूंकडे होता," वडील म्हणाले. "त्यांच्या हॉलमध्ये पंखा सतत चालू, म्हणून त्यांनी भीतीने दुकानातून छाटून आणले."

दाबून धरलं की रक्त थांबायचं, पंख फडकला की पुन्हा सुरू. थांबलं असतं तर मी त्या पिसाला हात लावला नसता, कारण ते उपटताना मूळ दुखावलं तर पुढचं पीस वाकडं येऊ शकतं किंवा येतच नाही. पण थांबेना. वेदनाशामक टोचलं, ते भिनू दिलं. ही लांब पिसं थेट हाडाला धरून असतात. म्हणून पंखाचं हाड बोटांत पक्कं धरलं, आर्टरी फोर्सेप्सच्या चिमट्याने नळी कातडीलगत पकडली आणि वाढीच्या दिशेने एका सरळ ओढीत काढली. मग गॉज दाबून बसले. रक्त थांबलं.

खरं तर तिथे काम संपलं होतं. पण पंख उघडाच होता म्हणून त्यातली दुसरी दोन वाढती पिसं ट्यूबसमोर धरून पाहिली. दोन्हींवर आडवी, बारीक, पारदर्शक रेघ होती. पीस बनत असताना पक्ष्याची आबाळ झाली, ताण आला, की तेवढ्या जागी ते कच्चं विणलं जातं आणि अशी रेघ राहते. एका पिसावर रेघ टोकाजवळ होती, दुसऱ्यावर बरीच खाली. पण कातडीपासून वर मोजलं तर दोन्ही सारख्याच उंचीवर. पीस मुळातून वाढतं, टोक आधी तयार होतं. एक आधी उगवलेलं, एक नंतर, पण दोघांवर रेघ पडली ती एकाच सुमारास.

शिवाय डोकं. मानेपासून तुऱ्यापर्यंत नव्या पिसांच्या न उघडलेल्या कवचांचे काटे, साळिंदरासारखे. अंगावरची कवचं पक्षी चोचीने फोडतो. डोक्यावर चोच पोचत नाही, तिथे जोडीदार लागतो.

"दोन-तीन आठवड्यांपूर्वी घरात काय झालं होतं?" मी विचारलं. "आणि याचं डोकं खाजवायचं कोण?"

मुलगा क्षणभर बोललाच नाही. "आजी," तो म्हणाला. "आजीला तेव्हाच ॲडमिट केलं होतं. आता घरी आलीय."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. आजींचा आवाज थकलेला, पण पहिला प्रश्न खणखणीत: "खातोय का तो?"

"खाईल, आजी. तुम्ही त्याला काय घालत होता?"

"अहो, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, चिमूटभर उकडलेलं अंडं. सकाळी कोमट पाण्याचा फवारा. ह्यांनी काय घातलं?"

वडिलांनी मान खाली घातली. राळा आणि सूर्यफुलाच्या बिया, बस.

मला त्यांना बोल लावावासा वाटला नाही. दवाखान्याच्या फेऱ्या घालणाऱ्या घराने पक्षी उपाशी ठेवला नव्हता, हेही थोडं नव्हे. पण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. मोल्टिंगमध्ये पक्षी अंगावरचं पांघरूण नव्याने विणत असतो, आणि नुसत्या बियांत त्याला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. टॉनिकचे थेंब ती जागा भरत नाहीत. पिसं दोन्ही बाजूंनी सारखी गळत असतील, खाली नवे कोंब दिसत असतील, तर तो आजार नाही. पण त्याच दिवसांत पक्षी सगळ्यात जास्त आपल्यावर अवलंबून असतो. "होतं असं" एवढं सांगून माणसाला घरी पाठवणं मला पटत नाही.

सोन्याला उबेत ठेवलं. पहाटे त्याने अंड्याचा पिवळा बलक टिपला तेव्हा मी चहा सांगितला.

घरी नेताना सांगितलं: आजींचं जेवण पुन्हा सुरू, पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेन, बसायच्या दांड्या खाली, रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू झाकायच्या आणि जवळ चार्जिंगचा मंद दिवा, कारण कॉकटेल अंधारात दचकला की दिसेल तिथे आपटतो. डोक्यावरची जी कवचं टोकाला पांढरी, कोरडी झाली आहेत तेवढीच बोटांत हलके चोळायची. बुडाशी काळसर दिसतात त्यांत अजून रक्त आहे. ती दुखतात, चावेल.

पुढच्या तपासणीला आजी स्वतः आल्या, रिक्षाने, सोन्याला मांडीवर घेऊन. डोकं गुळगुळीत होतं आणि रिकाम्या जागी नवा कोंब वर आला होता. छाटलेली पिसं मात्र पुढच्या मोल्टिंगला गळेपर्यंत तशीच राहणार होती, तेही त्यांना समजावलं.

"मग उडेल का हा?" त्यांनी विचारलं.

"उडेल. तोवर घरात सगळ्यांना सवय लावा, पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंख्याचं बटण बंद. शेजारच्या काकूंनाही सांगा."

"त्यांना मी सांगितलंय," आजी म्हणाल्या, "कात्री लावायची नाही म्हणून."