पहिला गेमिंग पीसी घ्यायला बाजारात फेरी, आणि जाणाऱ्यांसाठी थोडा सल्ला

भाच्याला पहिला गेमिंग पीसी हवा होता, बजेट मध्यम, म्हणजे अगदीच तुटपुंजं नाही पण दुकानदाराने खुर्ची पुसून बसवावं असंही नाही. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर बाजार पालथा घातला, पीसी घरी आला, मस्त चालतोय. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. भाव देत नाही, ते रोज हलतात, नि २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव जे चढले ते बघता आजचा आकडा उद्या कामाचा नाही.

निघायच्या आधी घरीच एक काम केलं. भाचा सारखा "मामा, आधी प्रोसेसर ठरवू" म्हणत होता, मी म्हटलं थांब, खेळणार काय आणि कुठल्या मॉनिटरवर ते सांग आधी. त्याचं उत्तर: मित्रांसोबत व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, आणि एकट्याने सायबरपंक २०७७. पहिले दोन हलके, त्यांना प्रोसेसर चांगला लागतो आणि वेगवान मॉनिटर. तिसरा ग्राफिक्स कार्डाचा (पडद्यावरचं चित्र बनवणारा भाग) घाम काढणारा. मग रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर ठिपके (पिक्सेल) किती. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, फोरके म्हणजे जवळपास ८३ लाख, आणि हे सगळे कार्डाला दर फ्रेमला रंगवायचे असतात, त्यामुळे फोरकेचा विषय तिथेच संपला. १०८०पी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा वर, आयपीएस पॅनल (रंग चांगले दाखवणारा पडद्याचा प्रकार), एवढं कागदावर लिहून निघालो. हा कागद फार कामी आला कारण बाजारात शिरलं की चारी बाजूंनी लाइटा चमकायला लागतात आणि माणूस कशाला आलो तेच विसरतो.

पहिल्याच दुकानात तयार सेट दाखवला. "आय सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डवाला, सगळे गेम चालतात." समोर काच, आत पाच रंगांचे पंखे, भाच्याचे डोळे लगेच मोठे. मी विचारलं, आय सेव्हन कुठला? तो म्हणाला आय सेव्हनच. परत विचारलं, मग खोक्यावरचा नंबर निघाला ४७७०. हा २०१३ चा प्रोसेसर! चार कोर (एका वेळी काम करणारे भाग), रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, शिवाय व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतो, म्हणजे ज्या गेमसाठी घ्यायचा तोच अडकणार. आणि कार्ड होतं जीटी १०३०, त्यातही डीडीआर४ मेमरीवालं. याच नावाचं जीडीडीआर५ वालं कार्ड येतं, त्याच्या मेमरीचा वेग याच्या जवळपास तिप्पट, नाव मात्र दोघांचं एकच.

तिथून पुढे आम्ही एकच धोरण ठेवलं, दुकानात जो तो अर्धं नाव सांगतो, आपण पूर्ण नाव मागायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि ते त्याच्यासमोर मोबाइलवर बघायचं. कोणी चिडला तर पुढचं दुकान.

सेकंडहँडवाल्याकडेही गेलो, त्याच्याकडे तर हे धोरण फारच कामाला आलं. आरएक्स ५८० म्हणून दाखवलेलं कार्ड २०४८एसपी निघालं, म्हणजे खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र रंगवणारे छोटे भाग) असतात आणि यात २०४८. आरटीएक्स ३०६० होतं पण ८ जीबीचं, १२ जीबीवालं वेगळं, त्याचा मेमरीकडे जाणारा रस्ता १९२ बिटचा आणि याचा अरुंद, १२८ बिटचा. वाईट कार्ड नाही हो, पण १२ वाल्याच्या भावात घ्यायचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी मिळवणं) बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली बरीच अजून फिरताहेत. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही, पण जुनं घ्यायचं तर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा, बनावट बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकलेलं कार्ड ते बऱ्याचदा ओळखून तसं दाखवतं, आणि अर्धा तास गेम नाहीतर फरमार्क (कार्डावर ताण देणारी टेस्ट) समोर चालवून घ्या, पंख्याचा आवाज ऐका, तापमान बघा. हे करू देत नसेल तर नमस्कार करून निघायचं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडी (फायली साठवायची वेगवान डिस्क) मात्र जुनं घेऊच नये असं माझं मत, त्यांचं आयुष्य किती उरलंय ते वरून कळत नाही.

नंतरच्या एका दुकानात माणूस बरा भेटला. कमी बोलणारा, कोटेशन हाताने लिहून देणारा. प्रोसेसर, बोर्ड (मदरबोर्ड), कार्ड सगळं मॉडेलनंबरसकट लिहिलं आणि शेवटी "एसएमपीएस ६५० वॉट" एवढंच. कंपनी? "चांगलाच आहे." हो पण कुठला? इथेच बहुतेक कोटेशनमध्ये पैसे वाचवलेले असतात, कारण गिऱ्हाईक इथे बघतच नाही, आणि हलका एसएमपीएस गेला की कधीकधी एकटा जात नाही, बोर्ड नि कार्डही घेऊन जातो. ८० प्लस ब्रॉन्झ लिहिलेलं बघावं पण ते वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, दर्जाचं नाही, तेव्हा कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी तिन्ही विचारा. आकड्याचं वेड पण नको. आमच्या कार्डाला साधारण १६० वॉट, प्रोसेसर ६५ वॉटचा, मग चांगल्या कंपनीचा ५५० वॉट निवांत पुरतो, लोकल ७५० पेक्षा कितीतरी बरा.

घेतलं काय ते सांगतो. मोठा वाद एएम४ की एएम५ (एएमडी प्रोसेसर बोर्डावर बसतो ती जुनी आणि नवी खाच) यावर झाला. एएम५ वर पुढे नवे प्रोसेसर बसतील, एएमडीने २०२७ आणि त्यापुढे सपोर्ट देणार म्हटलंय, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग, म्हणजे तेवढे पैसे कार्डातून जाणार. पहिल्या पीसीत माझा कौल कार्डाला. म्हणून एएम४ वरचा रायझन ५ ५६००, सहा कोर बारा थ्रेड, बी५५० बोर्ड, आणि कार्ड आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. हेही ८ आणि १६ दोन्हीत येतं, नाव सारखंच, तेव्हा डबा नीट वाचा! ८ जीबी आज १०८०पी ला चालतं पण नवे जड गेम टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) हायवर ठेवले की अडखळायला लागलेत. इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबीचं, तेही बघितलं, चांगलं आहे, फक्त त्याला रिसायझेबल बार (बोर्डातलं एक सेटिंग) चालू असावं लागतं आणि थोड्या जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं, आमचा ५६०० त्यातच मोडतो म्हणून सोडलं.

रॅम ८ जीबीच्या दोन काड्या घेतल्या, १६ ची एक नाही, दोन असल्या की ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्हींकडून एकाच वेळी डेटा येतो. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), त्यात सगळ्यात वेगवानच्या मागे लागलो नाही, गेम लोड व्हायला त्याने काही सेकंदांचाच फरक पडतो, जागा जास्त महत्त्वाची कारण एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो. कॅबिनेट समोर जाळीवालं. भाच्याला काचेचं हवं होतं, पण समोरून काचेने बंद केलं तर हवा येणार कुठून, शेवटी जाळी आणि आत रंगीत पंखे अशी तडजोड झाली.

असेंबल समोर बसून करून घ्या, वेळ लागतो, लागू द्या. रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसली का बघा. बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग, चालू करायला लावा, नाहीतर ३२०० ची रॅम गपचूप कमी वेगाने चालत राहते आणि कोणाला कळत पण नाही. मग अर्धा तास टेस्ट, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, डबे सगळे घरी आणायचे. गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, बाजूची काच वर आणि बोर्ड खाली, म्हणजे जड कार्ड उभं राहतं आणि खाचेवर ताण येत नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी. केबल कार्डाच्या पोर्टला लावायची, ५६०० मध्ये ऑनबोर्ड (प्रोसेसरमध्येच असलेलं) ग्राफिक्सच नाही, बोर्डाच्या पोर्टला लावलं तर पडदा काळाच राहतो आणि लोक घाबरून दुकानदाराला फोन करतात. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बदलायचे, कारण १४४ चा मॉनिटर पहिल्यांदा बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो. ६० ला फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १४४ ला ६.९, माऊस हलवला की लगेच हाताला कळतं.

बजेट याहून कमी असेल तर फालतू कार्ड घेऊ नका, त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी घ्या, त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स ठीकठाक आहे, व्हॅलोरंट सेटिंग कमी ठेवून छान चालतो, फक्त रॅमच्या दोन काड्या हव्यातच कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि एसएमपीएस पहिल्या दिवसापासून चांगला घ्या म्हणजे पैसे जमले की कार्ड तेवढं आणून बसवता येईल.