एक ठेवून का देत नाही?

"तो अंगावर येतो, तेव्हा एक ठेवून का देत नाही?" लग्नकार्यात, जिन्यात, रिक्षात, सगळीकडे मला माझ्या मुलाबद्दल हे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, आणि काळजीने विचारलंत, म्हणून नीट सांगते.

ठेवून दिली आहे. एकदा नाही, कितीदा तरी. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. बोलणं दोन-तीन शब्दांचं. लहानपणी त्याने शेजारच्या मुलीचे केस ओढले की मी आधी त्याला धपाटा घालायची आणि मग तिच्या आईची माफी मागायची. तो धपाटा खरं तर शेजारणीला दाखवायला असायचा. तो त्यातून एवढंच शिकला, की राग आला की हात उगारायचा.

घरात याच्या अगदी उलटही चालायचं. सासूबाई म्हणायच्या, "देवाचं लेकरू आहे, देऊन टाक हवं ते." तो मनगटाला चावला की त्याचे बाबा मुकाट्याने मोबाइल हातात द्यायचे. दोन मिनिटांत घर शांत. चावलं की मोबाइल मिळतो, हा धडा आम्हीच रोज गिरवून घेत होतो.

मग शाळेतल्या मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हाला समोर बसवलं. सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ साली आपल्याकडच्या मुलांसाठी केलेली एक मोजपट्टी आहे. तिच्यात त्रासदायक वागण्याच्या ७५ नोंदी आहेत. प्रत्येकीपुढे कधीच नाही, कधीकधी, की वारंवार, ते लिहायचं. चावणं, ढकलणं, वस्तू फेकणं वेगवेगळं मांडल्यावर "तो मारकुटा आहे" हे वाक्य मला पुन्हा म्हणवेना. बाईंनी एक वहीही घालायला सांगितली: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं.

बारा दिवसांत वहीने दोन गोष्टी दाखवल्या. संध्याकाळचं चावणं बहुतेक वेळा कुकरच्या शिट्टीनंतर होतं. आणि जेवतानाचं ताट फेकणं पोळी असली की व्हायचं, मऊ भात असला की नाही. तोंड उघडून बघितलं तर डावीकडची दाढ किडलेली. तीन आठवडे ते पोर ठणका सोसत होतं आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. हे लिहितानाही घशाशी येतं.

दाढ काढली. मोबाइलसाठी चित्राचं कार्ड केलं: कार्ड दिलं तर मोबाइल, चावलं तर नाही. पहिला आठवडा भयंकर गेला. आधी वाढेल, असं बाईंनी बजावलं होतं म्हणूनच टिकलो. सासूबाई तर डोळ्याला पदर लावून बसायच्या, पण मोबाइल त्यांनीही दिला नाही.

काही मुलांना औषधंही लागतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गेल्या रविवारी कुकर लावला. त्याचा हात वर गेला, माझ्या खांद्यापर्यंत आला, आणि त्याच हाताने त्याने मला बाल्कनीच्या दाराकडे ओढलं. इतक्या जोरात, की माझी बांगडी फुटली. मी दार उघडून दिलं.