तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेनिसला ट्रेननेच का गेलो?

परवा भिशीला पुन्हा तोच प्रश्न आला, वर्षभरात दहाव्यांदा तरी असेल, की म्युनिकहून व्हेनिसला विमान तासाभरात जातं, मुलगा तिकीट काढून द्यायला तयार होता, मग तुम्ही दोघं या वयात साडेसहा-सात तास ट्रेनमध्ये का बसून गेलात? तिथे चहाच्या गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आमचे हे रेल्वेत पुलांच्या कामावर होते, तेहतीस वर्षं. लोकांकडे पाऊस आला की कांदाभजी, आमच्याकडे पाऊस म्हणजे रात्री दोनला वाजणारा फोन. पुलाच्या खांबावर डेंजर लेव्हलचा पट्टा रंगवलेला असतो, पाणी तिथवर चढलं की गाडी सोडायची नाही, आणि ते बघायला कोणीतरी तिथे उभं असावं लागतं ना, ते हे. ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि मी खिडकीशी. पहाटे घरी आले तरी पाऊस थांबेपर्यंत घास उतरायचा नाही घशाखाली. पूल म्हणजे काय, पाणी म्हणजे काय हे मी असं ऐकून ऐकूनच शिकले, पण ह्यांच्या शेजारी बसून, निवांत, एखादा मोठा पूल गाडीतून ओलांडलाय असं कधी झालंच नव्हतं. मुलाने व्हेनिसचं नाव काढलं तेव्हा ह्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं, "तिथे समुद्रातून रेल्वेचा पूल जातो, १८४६ चा." बास, माझं ठरलं.

गाडी म्युनिकहून थेट जाते, कुठे बदलायची नाही. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि डबाभर शेंगदाण्याचे लाडू. इन्सब्रुक गेलं की चढ लागतो आणि मग ब्रेनर खिंड, १,३७० मीटरच्या आसपास उंची, तिथेच ऑस्ट्रिया संपून इटली सुरू. मे महिना होता तरी वर डोंगरांवर बर्फ. ह्यांना आपला बोरघाट आठवला, तिथे गाडी १८६३ ला सुरू झाली आणि ब्रेनरला १८६७ ला, म्हणजे जवळपास एकाच काळात दोन्हीकडे माणसं सुरुंग लावून, खडक फोडून रूळ टाकत होती. हे सांगताना ह्यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. मग उतार, आदिजे नदी सोबतीला, सफरचंदाच्या बागा, द्राक्षाचे मांडव अगदी नाशिकसारखे, बोल्झानो, त्रेन्तो, वेरोना. वेरोनानंतर सपाट मुलूख आहे, तिथे मी जरा डोळा लावला.

आता नीट ऐका, कुणी जाणार असाल तर. व्हेनिसच्या नावाची दोन स्टेशनं आहेत. आधी मेस्त्रे येतं, ते जमिनीवरचं, तिथे पुष्कळ लोक उतरतात आणि आपणही उतरायचं की काय असं वाटतं. उतरायचं नाही. पुढचं सांता लुचिया, ते शेवटचं. आणि मेस्त्रेच्या आधीच डाव्या हाताच्या खिडकीशी येऊन बसा, कारण उजवीकडे गाड्यांचा रस्ता आहे, तो १९३३ चा, डावीकडे मात्र नुसतं पाणी.

मेस्त्रे सुटलं, शेडं-गोदामं मागे गेली आणि एकदम जमीन संपली. दोन्हीकडे खाजणाचं उथळ पाणी, चॅनेल दाखवायला रोवलेले लाकडी खांब, लांबवर घंटामनोरे, आणि आपण पाण्याच्या इतके जवळ की पूल दिसतच नाही. साडेतीन किलोमीटरच्या वर लांबी आणि २२२ कमानी. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, त्याच्या सात वर्षं आधी हा पूल चालू झालेला होता. आणि १८४९ ला ऑस्ट्रियाच्या फौजेने वेढा दिला तेव्हा व्हेनिसच्या लोकांनी स्वतःच ह्यातल्या काही कमानी उडवून दिल्या होत्या. हे एवढं सगळं ह्यांनी मला आधी सांगितलेलं, पण पुलावर आल्यावर एक शब्द बोलले नाहीत. खिडकीला कपाळ टेकवून पाणी बघत होते. मी पाण्याकडे कमी, ह्यांच्याकडेच जास्त बघितलं.

स्टेशनच्या बाहेर आलात की रिक्षा नाही, टॅक्सी नाही, पायऱ्या उतरलं की समोर ग्रँड कॅनॉल. विमानाने आलो असतो तर तेच शहर दिसलं असतं हे मला मान्य आहे, पण जमीन सुटताना कळली नसती.

राहिलो दोनच रात्री. गोंडोलात बसलो नाही, एक नंबरची वॉटरबस घेतली, ती सगळा ग्रँड कॅनॉल सावकाश फिरवते. मला जास्त आवडलं ते चौकाचौकातले दगडी कठडे, वर झाकण लावलेले. आधी वाटलं आपल्या वाड्यातल्यासारखे आड असतील. पण खालचं पाणी खारं, झरे कुठले असणार, तर चौकातलं पावसाचं पाणी वाळूतून गाळून खाली हौदात साठवायचं आणि या तोंडातून शेंदायचं. जमिनीवरून नळाचं पाणी आलं १८८४ ला, तोवर सगळं शहर या पावसावर. चहूकडे पाणी आणि प्यायला जपून जपून, त्या बायकांनी कसे संसार केले असतील.

ह्यांचं लक्ष अर्थात लेव्हलकडे. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटर चढलं होतं, २०१९ ला १८७. आता खाजण समुद्राला मिळतं त्या तिन्ही तोंडांशी ७८ दारं बसवलीत, एरवी तळाशी आडवी पडून असतात आणि मोठी भरती येणार असली की हवा भरून उभी करतात, २०२० पासून वापरात आहेत. ह्यांनी ते वहीत चित्र काढून मला समजावलं, बाजूच्या टेबलावरचे आजोबासुद्धा वाकून बघत होते. जुन्या शहरात १९५१ ला पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारही नाहीत. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते जाणवतं, किती खिडक्यांत दिवाच लागत नाही, मला फार वाईट वाटलं.

परत निघालो त्या सकाळी पाऊस होता, चांगला जोराचा. गाडी पुलावर आली, पाणी आणि आभाळ सगळं एकच करडं झालेलं. हे सवयीने वाकून खाली बघायला लागले, मला वाटलं आता मेस्त्रेपर्यंत असेच. पण थोड्या वेळाने मागे टेकले आणि म्हणाले, "अगं, लाडू उरलेत का?"

दोन उरले होते. दोन्ही ह्यांनीच खाल्ले, पूल संपायच्या आत.