तुकोबांच्या पालखीबरोबर केडगावपर्यंत

हडपसरला माउलींची पालखी सासवडकडे वळली आणि आमची, तुकोबांची, सोलापूर रस्त्याने पुढे निघाली. एकादशी होती. जागोजागी खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि प्रत्येक मांडवावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फलक. एका ठिकाणी तर स्पीकर असे लावले होते की दिंडीतल्या टाळांचा आवाजही ऐकू येईना. मला राग आला. नाम घेत चाललेल्या माणसांच्या कानांवर कुणाचं तरी नाव का आदळायचं?

लोणी काळभोरला पोचलो, पडलो, पहाटे उठलो. एवढंच आठवतं.

मी ख्रिस्ती. पंढरपूरला नाही, केडगावला निघाले होते, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. आणि चालत जायचं होतं. यवतच्या पुढे चौफुल्याला पालखीची वाट सोडली की केडगाव जवळच. सोबत तुकोबांचीच हवी होती. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे अभंग मी लहानपणापासून उपासनेत गात आले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतःच सांगत.

निघण्याआधी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंचा फोन आला होता. "वारीत कशाला? लोक काय समजतील?" शाळेत एकीने विचारलं, "तुमच्यात चालतं का गं हे?" दोन्ही प्रश्न मी जन्मभर ऐकत आले आहे. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या मागच्या गल्लीत मी वाढले. याच मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. त्या दोघांची ही गत, तिथे आमच्यासारख्यांनी लोकांच्या बोलण्याला किती भ्यावं? आई दारात आलेल्या पाहुण्याचा अंदाज घेऊनच भिंतीवरच्या वचनाच्या कॅलेंडरबद्दल बोलायची की नाही ते ठरवायची. मीही तशीच मोठी झाले, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत.

उरुळी कांचनच्या अलीकडे उजव्या टाचेचा फोड इतका टरारला की पाऊल टेकवेना. ऊन उतरत नव्हतं, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. दिंडीतला एक मुलगा सारखा व्हिडिओ काढत होता आणि "ताई, हसा ना" म्हणत होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. सगळे पुढे जात राहिले आणि मला रडू आलं, ते फक्त टाचेमुळे नव्हतं.

एक म्हातारी थांबली. डोक्यावर तुळस, परभणीकडची बोली. तुळस खाली ठेवली, शेजारी बसली आणि म्हणाली, "दाव पाय." मी नको नको म्हणाले. त्या पायाला दिवसभराचा चिखल होता, आणि ती माझ्या आईहून मोठी. तिने ऐकलंच नाही, पाय ओढून मांडीवर घेतला. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्राला पाय पुढे करताना इतकं जड का गेलं, ते मला त्या पायरीवर समजलं. तिने कनवटीची सुई काढली, दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. "पाणी झिरपतंय आता. कातडं काढू नगंस." मग हळद. मग तिच्या धडप्यातली पट्टी.

बांधताना तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. "माळ न्हाई?"

"मी ख्रिस्ती आहे, आजी."

"व्हय? आमच्या थोरलीचं बाळंतपण मिशनच्या दवाखान्यातच झालं. लई अडलं होतं." गाठ मारून तिने टाच थोपटली. "चल, ऊठ. यवतला पिठलं-भाकर हाय."

तिच्याबरोबर चालताना बायकांनी म्हटलं, तुमच्यातलं एखादं म्हणा. मी रेव्हरंड टिळकांचा एक अभंग धरला. दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी ध्रुवपद उचललं, टाळ पडू लागले. मागून एका गृहस्थांनी विचारलं, "पण ताई, तुम्ही मूळच्या कोण?" आवाज गोड होता, प्रश्न जुनाच. या प्रश्नाला आजवर मी आजोबांचं गाव सांगायचे, आडनाव सांगायचे, समोरच्याला बरं वाटेल ते सांगायचे. त्या दिवशी म्हणाले, "ख्रिस्ताची." आणि पुढचं कडवं घेतलं. 'मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस', हे बायबलमधल्या यशयातलं देवाचं वचन मी किती वेळा पाठ म्हटलं असेल! उरुळीच्या रस्त्यावर ते मला उद्देशून होतं. माझं नाव त्याने घेतलं आहे. मग ते गृहस्थ, काकू, शाळेतल्या बाई, कुणालाच मला पटवून द्यायचं नव्हतं.

यवतचं पिठलं तिखट होतं. आजी गर्दीत हरवली.

चौफुल्याहून लंगडत केडगावला गेले. मुक्तीच्या चर्चमध्ये बराच वेळ बसले, पण डोक्यात प्रार्थनेऐवजी रमाबाईच होत्या. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून पुण्याने त्यांना धर्मबुडवी ठरवलं. त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. आणि इंग्लंडमधल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आधार दिला, त्यांना त्या हट्टी वाटत. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असं विचारणारी ही बाई! दोन्हीकडून बोल खाल्ले. तरी दुष्काळातल्या पोरींना इथे आणलं, आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांच्या मराठीत उतरवलं. कुणाच्या मर्जीची वाट बघत बसल्या असत्या तर यातलं काय झालं असतं?

केडगाव स्टेशनवर दौंडहून येणाऱ्या गाडीची वाट बघत होते तेव्हा काकूंचा पुन्हा फोन. "अगं, रविवारी कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, वारकऱ्यांबरोबर चालत मुक्तीला प्रार्थनेला गेली होती. आणि काकू, पुढच्या वर्षी तुम्हीही या. सुई-दोरा मी घेते."