जामीनदाराच्या रकान्यातलं नाव

रविवार, रात्री

आज तिला नाही म्हणाले. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून मी सही करणार नाही, हे तिच्या घरी जाऊन, समोर बसून सांगितलं. फोनवर सोपं गेलं असतं. पण पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला असलं काही फोनवर सांगू नये, असं मला वाटतं.

तिचा भडंगाचा धंदा खरोखर चांगला आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण माझ्या नकाराचा त्याच्याशी संबंध नाही. सांगलीत भडंग करणारे काय कमी आहेत? तरी तिचं गिऱ्हाईक टिकून आहे. लसूण कुरकुरीत होईपर्यंत ती कढईपासून हलत नाही, तळलेले शेंगदाणे पुरते निथळल्याशिवाय चुरमुऱ्यांत घालत नाही, म्हणून तिचा माल लवकर सादळत नाही. आता तिला स्वयंपाकघरातून बाहेर पडायचंय. विश्रामबागेत गाळा घ्यायचा, पॅकिंगचं मशीन आणायचं, पुण्याच्या दुकानांत माल ठेवायचा. त्यासाठी पाच लाखांचं कर्ज. संस्थेला जामीनदार दोन हवेत आणि त्यातला एक पगारदार. मी अनुदानित शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या पगारपत्रकाला तिथे चांगलाच भाव आहे.

"अगं, नुसती सही तर करायचीय. हप्ते मीच भरणार ना!"

ती हप्ते भरणार, यावर माझाही विश्वास आहे. पण त्या सहीचा अर्थ तिला कुणी नीट सांगितलेला नव्हता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. आधी कर्जदाराकडून वसूल करा, तिथे जमलं नाही तर जामीनदाराकडे या, असं संस्थेवर बंधन नसतं. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला जामीनदाराच्याही नावावर निघू शकतो. पगारातून कपात करायची संमती तर कर्ज देतानाच लिहून घेतात. "वर्षभराने तुझं नाव काढून घेते," असं ती म्हणाली. पण ते तिच्या हातात नाही. संस्था तयार व्हायला हवी आणि माझ्या जागी दुसरा जामीनदार उभा राहायला हवा. वर्षभराने तो कुठून येणार? पुढच्या वर्षी लेक इंजिनिअरिंगला जाईल, तिची फी याच पगारातून जायची आहे.

मग तिला अण्णांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. अण्णांच्या मित्राने लेथचा कारखाना टाकला, तेव्हा अण्णा त्याला जामीन राहिले होते. कामं मिळेनाशी झाली, कारखाना बसला आणि अण्णांच्या पगारातून हप्ते कापले जायला लागले. आईने घर कसं रेटलं ते तिलाच ठाऊक. पण मला पैशांपेक्षा त्या काकांचंच जास्त आठवतं. दर रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे, बुद्धिबळाचा डाव पडायचा, आम्हा पोरांसाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. हप्ते थकल्यावर ते यायचे बंद झाले. अण्णा समोरून येताना दिसले की बोळात वळायचे. माणूस लबाड नव्हता, मी आजही तसंच म्हणेन. त्यांना लाज वाटत होती. माणूस अडचणीत आला की संस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला तोंड देतो, पण ज्याने आपल्या भरवशावर सही केली त्याला तोंड दाखवू शकत नाही. अण्णांनी त्यांच्याकडे पैसे कधीच मागितले नाहीत. तरी ते आले नाहीत, शेवटपर्यंत.

"तू मला त्या माणसाच्या रांगेत बसवलंस," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, मला त्या बोळात वळणारी तू नकोयस, एवढंच. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

ती परत बाहेर आली तेव्हा दुसराही विषय काढला. आज नाही तर कधीच बोलले नसते. गेल्या दिवाळीत तिने पाकिटांची पिशवी माझ्याकडे दिली आणि स्टाफरूममध्ये खपव म्हणाली. मी ती नेली, सगळी खपलीही. पण माझ्या हाताखालच्या शिक्षणसेविकेने दोन पाकिटं घेतली ती भडंग आवडतं म्हणून, की मी समोर उभी होते म्हणून? मला ते कळायला मार्ग नाही, आणि हेच मला सलतं. त्या पोरीचं मानधन ते किती! तेव्हा शाळेत माल मी नेणार नाही. ज्यांना आवडलंय त्यांना तिचा नंबर देईन, त्यांनी मागवावा. आमच्या घरचं भडंग मात्र नेहमी तिच्याकडूनच येईल आणि पूर्ण पैसे देऊन. "तुला कसले पैसे," हे यापुढे चालणार नाही, असंही सांगितलं.

रिकाम्या हाताने मात्र गेले नव्हते. २०२० साली सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं अनुदान बँकेच्या कर्जाला जोडून मिळतं. आपल्याकडे ते काम कृषी विभाग बघतो. केंद्राच्या मुद्रा कर्जयोजनेतही पाच लाखांपर्यंतचं कर्ज 'किशोर' गटात बसतं आणि त्याला तारण लागत नाही. बँका खेटे घालायला लावतात, प्रकल्प अहवाल मागतात, मशीनची कोटेशनं मागतात, म्हणून तिला पतसंस्था सोपी वाटली. ते मला समजतं. पण अहवाल लिहायला मी बसेन. तिचा हिशोब अजून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला असतो, तो वहीत उतरवून देईन. बँकेत बरोबर येईन, रजा टाकून येईन. कितीही रविवार जाऊ देत. आणि अगदीच नड आली तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच पैसे देईन, तेही उसने म्हणून नाही. हे सगळं तिने ऐकून घेतलं, पण हो किंवा नाही काहीच म्हणाली नाही. निघताना दरवेळेसारखं हळदीकुंकवाचं बोटही लावलं नाही, नुसतं "ये" म्हणाली.

घरी आल्यावर ह्यांचं म्हणणं पडलं की नाही सांगितलंस ना, मग आता त्यात आणखी पडू नकोस, तिचं ती बघेल. मला हे मुळीच पटत नाही. सही न करण्याचं कारण मैत्री असेल, तर सही नाकारल्यावर घरी बसून राहण्यात कसली मैत्री? अण्णाही त्या काकांच्या घरी एकदा जाऊ शकले असते. बाबा रे, पैशाचं राहू दे, डाव मांडू, असं म्हणू शकले असते. ते गेले नाहीत. 'त्याला वाटेल मागायला आलो' म्हणायचे.

उद्या शाळा सुटल्यावर तिला फोन करणार आहे. उचलला नाही तर मंगळवारी वही घेऊन तिच्याकडे जाईन.