न दिलेल्या औषधाचा हिशेब

डेन्मार्कमध्ये माणसांपेक्षा डुकरं जास्त, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत येणारे ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू बहुतेक डुकरांचेच. त्या आठवड्यातला नमुना नुकतंच दूध तोडलेल्या, हगवण लागलेल्या पिलांचा होता. हा जिवाणू टेट्रासायक्लिन या प्रतिजैविक औषधाला दाद देत नाही हे ठाऊक होतं. तो गुण तो दुसऱ्याला देतो का, एवढंच पाहायचं होतं.

जे५३ नावाचा गरीब स्वभावाचा, म्हणजे औषधांना लगेच बळी पडणारा, पण सोडियम अझाइड हे जिवाणू मारणारं रसायन सोसणारा ई. कोलाय घेतला आणि दोघांना एकाच फिल्टरवर ३७ अंशांत रात्रभर ठेवलं. मग ते मिश्रण अझाइड आणि टेट्रासायक्लिन दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरलं. तिथे एकटा जे५३ टेट्रासायक्लिनने मरतो, डुकराचा जिवाणू अझाइडने. तरी कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, उगवल्या: जे५३ने तो गुण घेतला होता. इथवर नवल नाही. असा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो हे जपानमध्ये आमांशाच्या जिवाणूंत १९५९ सालीच दिसलं होतं.

नवल पुढे होतं. त्या कॉलन्यांतल्या जिवाणूंवर सवयीने इतर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्याही लावल्या. अँपिसिलिन, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन: एकाही चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं नाही, म्हणजे एकही औषध लागू पडलं नाही. चकत्या जुन्या असतील म्हणून त्याच मूळ जे५३वर लावून पाहिल्या. तिथे वर्तुळं चोख!

फार्मच्या पशुवैद्यांना फोन केला.

"अँपिसिलिन? ते आम्ही कित्येक वर्षांत दिलेलं नाही."

द्यायची गरजच नव्हती. चारही जनुकं एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, बसलेली. टेट्रासायक्लिनच्या एका तिकिटावर सगळं कुटुंब प्रवास करत होतं. आणि तिकीट औषधाचंच लागतं असंही नाही. डुकरांतल्या सीसी३९८ या, मेथिसिलिन औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूमध्ये जस्त सोसण्याचं जनुक मेथिसिलिनवाल्या जनुकाच्या सोबतच फिरतं. पिलांच्या खाद्यात औषध म्हणून घातलं जाणारं झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचंच संयुग, युरोपीय संघात जून २०२२ पासून बंद झालं, त्यामागे जमिनीत साचणाऱ्या जस्ताबरोबर ही भीतीही होती.

"मग टेट्रासायक्लिनऐवजी काय देऊ, सल्फा?" पशुवैद्यांनी विचारलं.

सल्फा यादीत होतंच. हगवणच कमी व्हावी म्हणून मी पिलांचं दूध आठवडाभर उशिरा तोडण्याचं सुचवलं. ते लगेच हिशेबावर आले: मादी आठवडाभर अडकली की पुढचं वेत लांबतं, वर्षाची पिलं कमी होतात, आणि मालकाला हे सांगायचं कुणी? हिशेब खोटा नव्हता.

रिपोर्टात मी चारही औषधांची नावं मुद्दाम एकाच ओळीत लिहिली.