तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर बोलतो, मग बोटांनी कशाला वाचायचं?

मी दृष्टिहीन आहे आणि मराठी मजकुराचं मुद्रितशोधन करतो. टेबलाशी येणारा जवळजवळ प्रत्येक जण कीबोर्डच्या पुढ्यातली लांबट पट्टी पाहून विचारतो, "कॉम्प्युटर तर तुम्हाला सगळं बोलून दाखवतो. मग ही कशाला?"

ही पट्टी म्हणजे ब्रेल डिस्प्ले. माझ्या डिस्प्लेवर ४० सेल आहेत. सेल म्हणजे एका अक्षराची किंवा चिन्हाची जागा. कागदावरच्या ब्रेलमध्ये सेलला सहा बिंदू असतात, इथे आठ. खालचे दोन बहुतेक वेळा कर्सर कुठे आहे ते सांगतात. बिंदू म्हणजे छिद्रातून वर येणारी बारीक पिन. आत पिझो स्फटिकाची पट्टी असते, वीज मिळाली की ती किंचित वाकते आणि पिन उचलली जाते. पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये बदलून पाठवायचं काम स्क्रीन रीडरचं, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच. मी एनव्हीडीए वापरतो. मायकल करन यांनी तो २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केला, तेही दृष्टिहीनच. तो विनामूल्य मिळतो. ४० सेल वाचून झाले की बटण दाबायचं, पुढचा तुकडा बोटांखाली येतो.

लांबलचक बातमी मी ऐकतोच. आवाज अर्थ पोचवतो, आणि झपाट्याने पोचवतो. पण 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक वेगात चाललेल्या आवाजात कानाला लागत नाही. बोटाला लागतो. सेलमध्ये डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा असे बिंदू मोजतात. ह्रस्व इ म्हणजे दोन आणि चार हे बिंदू, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. आकार तोच, फक्त एक पायरी खाली. ह्रस्व उ आणि दीर्घ ऊ तर एकमेकांसारखे मुळीच नाहीत. अनुस्वाराला स्वतःचा सेल आहे. एका शब्दानंतर चुकून दोन जागा सुटल्या, स्वल्पविराम राहिला, अवतरणचिन्ह उघडलं पण मिटलं नाही, हे सगळं बोटाखाली येतंच. प्रत्येक सेलच्या वर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की कर्सर थेट त्या अक्षरावर जातो. 'म्हणुन'मधला उ सापडला की वरचं बटण दाबून तिथेच दुरुस्ती. या सोयीशिवाय हे काम मी केलंच नसतं.

भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरलं, मराठी त्यातलीच. तुम्हाला 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते. बोटांना आधी क लागतो, मग इ, जसं आपण उच्चारतो तसंच. जोडाक्षरात मात्र हलन्ताचं चिन्ह व्यंजनांच्या आधी येतं. 'प्रत्येक' या शब्दाला त्यामुळे आठ सेल लागतात. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये टी-एच-ई हा अख्खा शब्द एका सेलमध्ये बसतो. मराठीत आपण अक्षर न् अक्षर वाचतो, म्हणून ४० सेल फार लवकर संपतात. आणि ब्रेलचं टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले बिंदू हे ठरवणारी स्क्रीन रीडरमधली यादी, इंग्रजीवर राहिलं असेल तर मराठी अक्षरांच्या जागी त्यांचे युनिकोड क्रमांक येतात. 'क'च्या जागी ०९१५.

वेबपानावर दुव्याच्या आधी एल-एन-के, पहिल्या पातळीच्या शीर्षकाच्या आधी एच आणि १ अशी खूण येते. बैठकीत त्याहून मोठा फायदा: कान समोरच्या माणसाकडे, बोटं टिपणावर. आणि ज्यांना दिसतही नाही नि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी बोलणारा कॉम्प्युटर गप्पच असतो. त्यांचं पत्र, बातमी, बँकेचा निरोप सारं याच पिनांमधून येतं. ब्रेल आता जुनं झालं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो या माणसांसाठी.

उणं काय, तेही सांगतो. एका वेळी एकच ओळ. कोष्टक वाचताना वरच्या रकान्याचं नाव डोक्यात धरून ठेवावं लागतं. इंग्लंडमध्ये बनलेल्या कॅन्यूट ३६० या यंत्रावर ४० सेलांच्या नऊ ओळी एकदम उमटतात. तसं काही इथल्या शाळांमध्ये पोचायला हवं. किंमत ही दुसरी अडचण. सेलगणिक पिझोच्या पट्ट्या, त्यामुळे ४० सेलांचा डिस्प्ले लाखांच्या घरात जातो. २० सेलांचा ऑर्बिट रीडर वेगळ्या तंत्रावर चालतो आणि बराच स्वस्त पडतो. शाळेने सुरुवात करायची तर मी तोच सुचवतो.

काही आईवडील विचारतात, मुलाला एकदम डिस्प्लेच घेऊन द्यावा का? आधी कागद द्या, स्लेट आणि स्टायलस, म्हणजे हाताने ब्रेल टोचायची पाटी आणि टोच्या द्या. परिच्छेद कुठे तुटतो, समास किती सोडलाय, पान कसं भरतं हे एका ओळीच्या यंत्रावर कळत नाही. बोटं कागदावर सराईत झाली की डिस्प्ले शिकायला मुलांना वेळ लागत नाही.